काचगृहातील उष्णकटिबंध : उर्वशी वृक्ष आणि चॅट्सवर्थचा ‘ग्रेट स्टोव्ह’

प्रस्तावना :

मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानास, म्हणजेच राणीच्या बागेस, भेट देणाऱ्यांना उर्वशीचा वृक्ष परिचित आहे. झुंबराप्रमाणे लोंबणारे त्याचे लाल-पिवळे फुलोरे लक्ष वेधून घेतात. ‘अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस’ हे शास्त्रीय नाव असलेला हा वृक्ष मूळचा ब्रह्मदेशातील असून मुंबईच्या उष्ण व दमट हवेत तो उघड्यावर वाढतो. थंड हवेच्या इंग्लंडमध्ये मात्र तो जगविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात प्रचंड खटाटोप करावा लागला. हे यश केवळ उद्यानकलेचे नव्हते. वसाहती, कोळसा आणि श्रम हे त्याचे तीन आधार होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वनस्पतींचा शोध व वाहतूक :

कलकत्ता वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांना हा वृक्ष १८२६ च्या सुमारास ब्रह्मदेशात आढळला. गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी व कन्या यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्यास नाव दिले. त्याच्या वर्णनाने डेव्हनशायरचे सहावे ड्यूक भारावून गेले. डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ येथील आपल्या बागेसाठी हा वृक्ष आणण्याकरिता त्यांनी १८३५ साली जॉन गिब्सन या तरुण माळ्यास भारतात पाठविले. गिब्सन यांनी वॉलिच यांच्या साहाय्याने उर्वशीची रोपे मिळविली, खासी टेकड्यांतून अनेक ऑर्किड गोळा केली आणि १८३७ मध्ये ते परतले.

अनेक महिन्यांच्या सागरी प्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे रोपे मरत असत. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंदिस्त काचपेटीने ही अडचण पुष्कळशी दूर केली. पेटीतील मातीचा ओलावा काचेवर साचून पुन्हा मातीत उतरत असे. गिब्सन यांनीही अशाच पेट्या वापरल्या.

काच, कोळसा आणि ऊब :

रोपे पोहोचली तरी इंग्लंडचा हिवाळा उरत होता. ड्यूकचे मुख्य उद्यानपाल जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३६ ते १८४१ या काळात ‘ग्रेट स्टोव्ह’ हे विशाल काचगृह उभारले. त्याची लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट व उंची ६७ फूट होती. आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लांबीचे नळ यांतून गरम पाणी खेळविले जाई. कोळसा भुयारी मार्गाने आणला जात असे व धूरही जमिनीखालून दूर नेऊन सोडला जाई. परिणामी पाहुण्यांस ताडवृक्ष दिसत. बॉयलर पेटते ठेवणारे हात दिसत नसत.

१८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाल्यावर काचगृहे अधिक लोकांच्या आवाक्यात आली. विशेष म्हणजे, इंग्लंडमध्ये उर्वशी प्रथम फुलली ती चॅट्सवर्थ येथे नव्हे, तर १८४९ मध्ये ईलिंग पार्क येथे लुईझा लॉरेन्स यांच्या काचगृहात. ज्यांनी त्यासाठी माणूस भारतात पाठविला, त्या ड्यूकना हा मान मिळाला नाही.

निष्कर्ष :

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) कोळशाची टंचाई निर्माण झाली. ग्रेट स्टोव्ह तापविणे बंद पडले आणि आतील वनस्पती मरण पावल्या. १९२० साली ती वास्तू पाडण्यात आली. सुमारे ऐंशी वर्षे टिकलेला हा कृत्रिम उष्णकटिबंध इंधन थांबताच नष्ट झाला. वॉलिच, पॅक्स्टन व गिब्सन यांची नावे इतिहासात नोंदली गेली. परंतु रानोमाळ रोपे हुडकण्यास मदत करणारे स्थानिक लोक आणि बॉयलरवर रात्र जागविणारे मजूर बहुतांशी अनामिकच राहिले. उद्यानांचा इतिहास लिहिताना फुलांइतकीच त्यांच्या उबेची किंमतही नोंदविली गेली पाहिजे.