कवळा गुहा
कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातील दांडेलीलगतच्या दाट रानात असलेली चुनखडीची नैसर्गिक गुहा व शिवस्थान. शेकडो पायऱ्या उतरून, अरुंद वाटेने आधी ओणवे व मग रांगत गेल्यावर अंधारात शिवलिंग दिसते. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचून ते उभे राहिले. भूशास्त्राच्या भाषेत तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. मग पूजा कशाची, असा आक्षेप येतो. तो फोल आहे. स्वयंभू लिंग माणसाने घडवलेले नसते, ही मूळ श्रद्धा. भूशास्त्र त्याला दुजोराच देते. अमरनाथचे लिंग बर्फाचे, हे ठाऊक असूनही तिथली यात्रा ओसरलेली नाही. इथेही महाशिवरात्रीला गर्दी लोटते. लिंगाला धोका असलाच तर तो भक्तीच्या स्पर्शाचा: हातांचा तेलकटपणा बसला, की चुन्याचा नवा थर नीट धरत नाही.