अंक पोचला, पण…

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर एक स्तंभ मराठी व दुसरा इंग्रजी असे. मराठी वृत्तपत्र जन्मले तेच द्विभाषिक! आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना याचे नवल वाटू नये. माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, बाबूराव विष्णु पराडकरांनी काशीचे 'आज' घडविले, तर राहुल बारपुते यांनी इंदूरच्या 'नईदुनिया'ला वळण लावले. तिघेही घरी मराठी, छापखान्यात हिंदी. (थोडा अभिमान क्षम्य असावा.) १९४७ साली निघालेला तो 'नईदुनिया'ही २०१२ मध्ये जागरण समूहाकडे गेला.

पूर्वी पुण्या-मुंबईचा अंक उज्जैनला टपालाने येई. शिळा असे, पण घरभर फिरे. आता नानाखेडा बसस्थानकावर गाडीची वाट पाहता पाहता आजोबा पुण्याची ताजी बातमी मोबाइलवर उघडतात. अंतर मिटले, टपालखर्च वाचला. परंतु वृत्तपत्र जगते ते मुख्यतः जाहिरातींवर, आणि पुण्याच्या दुकानदाराला उज्जैनच्या वाचकाचा काय उपयोग? इकडे शेजारी बसलेला नातू हिंदी बातमी भराभर वाचतो. लिपी तीच, देवनागरी. तरी मराठी मजकूर आला की तो म्हणतो, ''आजोबा, तुम्हीच वाचून दाखवा.''