महासाथ आणि रुग्णालयांतील प्रतिजैविक-नियमन

प्रतिजैविक-नियमन म्हणजे रुग्णाला प्रतिजैविक लागते का, कोणते, किती मात्रेत आणि किती दिवस, हे ठरवून त्यावर देखरेख ठेवणारी रुग्णालयातील व्यवस्था. वैद्यकीय व्यवहारात तिला अँटिबायोटिक स्टुअर्डशिप म्हणतात. राखीव औषधांना पूर्वपरवानगी आणि उपचार सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत फेरआढावा ही तिची मुख्य साधने होत. कोव्हिड-१९ च्या महासाथीत (२०२०–२३) ही व्यवस्था अनेक देशांत कोलमडली.

कारणे : प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. मात्र ताप, धाप आणि क्ष-किरण चित्रातील डाग ही लक्षणे कोव्हिड व जीवाणुजन्य न्यूमोनिया या दोन्हींत दिसतात. सीआरपी हा रक्तातील दाहदर्शक घटकही दोन्हींत वाढतो. त्यामुळे खबरदारी म्हणून औषध सुरू होई. थुंकीचा नमुना घेताना संसर्गाची भीती असल्याने कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या) तपासण्या कमी झाल्या. कल्चरच नसल्याने तिसऱ्या दिवशी औषध थांबवायला आधार उरेना. नियमनाचे काम पाहणारे संसर्गरोगतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कोव्हिडच्या कामाला जुंपले गेले.

व्याप्ती : जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार रुग्णालयात दाखल कोव्हिड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच प्रतिजैविके लागणारा जीवाणुसंसर्ग होता, औषधे मिळाली सुमारे ७५ टक्क्यांना. ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा वापर सर्रास झाला. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत मात्र ते दिलेल्या आणि न दिलेल्या, अशा दोन्ही गटांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २२ टक्केच निघाले (२०२१).

परिणाम : अमेरिकेत २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये रुग्णालयात जडलेले प्रतिरोधी जंतुसंसर्ग आणि त्यांमुळे होणारे मृत्यू किमान १५ टक्क्यांनी वाढले, कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर या जीवाणूचे संसर्ग ७८ टक्क्यांनी. यामागे औषधांचा अतिवापर हे एकच कारण नव्हते. खाटा, व्हेंटिलेटर आणि मनुष्यबळ अपुरे पडले. तेच हातमोजे व गाऊन घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जावे लागले, तिथे जंतूही सोबत गेले.

भारत : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातील १० रुग्णालयांत २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या १७,५३४ कोव्हिड रुग्णांचा अभ्यास झाला. ३.६ टक्के रुग्णांना दुय्यम, म्हणजे कोव्हिडपाठोपाठ दुसऱ्या जंतूंचा संसर्ग झाला. त्यांतील ५६.७ टक्के दगावले. दाखल झालेल्या एकूण कोव्हिड रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण १०.६ टक्के होते. सर्वाधिक आढळलेला जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिये. म्हणजे दुय्यम संसर्ग मोजक्यांनाच झाला, पण ज्यांना झाला त्यांच्यासाठी प्रभावी औषध शिल्लक असणे जीवनमरणाचा प्रश्न होता.

उपाय : ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांनी रक्तातील प्रोकॅल्सिटोनिन या घटकाच्या पातळीवरून औषध थांबवण्याचा निर्णय घेणे सुरू केले. ही पातळी विषाणुसंसर्गात सहसा फारशी वाढत नाही. तरी ती एकटी निर्णायक नसते. गंभीर रुग्णाला पहिली मात्रा देणे अनेकदा योग्यच ठरते. खरा दोष फेरआढावा न होण्यात असतो. म्हणून रुग्णालयाच्या आपत्कालीन आराखड्यात प्राणवायू व खाटांइतकेच स्थान या आढाव्याला आणि तो घेणाऱ्या मनुष्यबळाला असले पाहिजे.