कादंबरीतलं गुपित आणि दप्तरातला कागद

मखराचं काम चालू होतं. थर्माकोलऐवजी यंदा पुठ्ठा वापरायचा की बांबू, यावर वाद रंगला होता. तेवढ्यात मंडळातल्या एका मुलानं मध्येच विचारलं, “काका, येशूचं लग्न झालं होतं आणि चर्चनं ते दोन हजार वर्षं लपवून ठेवलं, हे खरं का हो?” आदल्या रात्री त्यानं मोबाइलवर ‘द दा विंची कोड’ हा सिनेमा पाहिला होता. कुणी हसलं, कुणी म्हणालं, “अरे, सिनेमा आहे तो.” पण त्याचं समाधान होईना. “पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की हे खरं आहे!” त्या दिवशी आम्हाला त्याला धड उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघा-तिघांनी ती कादंबरी पुन्हा वाचली, तिच्या मागचा इतिहास शोधला. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिथल्याच एका वयोवृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो. मरता मरता तो काही सांकेतिक खुणा मागे ठेवतो. चिन्हांचा अभ्यासक प्राध्यापक लँग्डन आणि मृताची नात त्या खुणांचा माग काढत फ्रान्सहून इंग्लंडला पोहोचतात. वाटेत उलगडत जातं ते असं : येशूचा मेरी माग्दालेनाशी विवाह झाला होता, त्यांचा वंश आजही चालू आहे आणि ‘प्रिअरी ऑफ सायन’ नावाची एक गुप्त संघटना हे रहस्य सांभाळते आहे. २००६ साली रॉन हॉवर्ड यांनी यावर सिनेमा काढला, त्यात टॉम हँक्स लँग्डन झाले. पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या, मराठीतही अनुवाद आला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा रात्र रात्र जागून वाचणाऱ्यांचे आपण वारस. अशी गोष्ट एकदा हातात घेतली की खाली ठेवता येत नाही, हे आम्हीही कबूल करतो.

तक्रार गोष्टीबद्दल नाही, त्या पहिल्या पानाबद्दल आहे. कथा सुरू होण्याआधी लेखक ‘वस्तुस्थिती’ म्हणून सांगतो की प्रिअरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरी संघटना आहे आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडलेल्या गुप्त कागदांत तिच्या सभासदांची नावं आहेत. त्यात न्यूटन आहे, व्हिक्टर ह्यूगो आहे आणि लिओनार्दोही आहे. हे कागद ग्रंथालयात खरोखरच आहेत. पण ते तिथे आले कसे?

त्यासाठी फ्रान्सच्या दक्षिणेतल्या रेन-ल-शातो या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात जावं लागतं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोनिएर नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी मोडकळीस आलेलं चर्च दुरुस्त केलं, शिवाय एक मोठा बंगला आणि मनोराही बांधला. गरीब गावच्या पाद्र्याकडे एवढा पैसा आला कुठून? त्यांच्याच धर्मप्रांतानं चौकशी केली, तेव्हा कारण अगदी साधं निघालं. ते ठिकठिकाणच्या भाविकांकडून प्रार्थनेसाठी पैसे मागवत होते आणि एका माणसाला म्हणता येणार नाहीत इतक्या प्रार्थनांचे पैसे घेत होते. पुढे १९५०च्या दशकात तो बंगला विकत घेऊन तिथे हॉटेल काढणाऱ्या नोएल कोर्ब्यू यांनी गिऱ्हाइकांना गुप्त खजिन्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी ती उचलली.

आता या कथेत पिएर प्लांतार हे गृहस्थ येतात. त्यांनी १९५६ साली ‘प्रिअरी ऑफ सायन’ नावाची एक छोटी संस्था सरकारदरबारी नोंदवली. नाव ठेवलं जवळच्या एका टेकडीवरून. या संस्थेच्या पत्रिकेत कुठलं रहस्य असायचं म्हणता? स्वस्त घरं आणि भाडेकरूंच्या तक्रारी! पण प्लांतारांना आपण फ्रान्सच्या प्राचीन राजवंशाचे वारस आहोत, असं ठसवायचं होतं. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी वंशावळी रचल्या, जुनी वाटतील अशी चर्मपत्रं तयार केली, त्यांची सांगड सोनिएरच्या खजिन्याशी घातली आणि १९६७ साली टंकलेल्या कागदांचं ते बाड ग्रंथालयात ठेवून दिलं. ग्रंथालयाच्या दप्तरी नोंद झाली की कागदाला आपोआप वजन येतं. १९९३ साली एका चौकशीत न्यायाधीशांसमोर प्लांतारांनी हे सगळं आपणच रचल्याचं कबूल केलं. म्हणजे डॅन ब्राऊन यांची कादंबरी येण्याच्या दहा वर्षं आधीच हे गुपित फुटलेलं होतं.

मधल्या काळात, १९८२ साली, इंग्लंडमध्ये तिघा लेखकांनी याच कागदांच्या आधारे एक पुस्तक लिहून येशूच्या वंशाचा सिद्धांत मांडला होता. कादंबरी गाजल्यावर त्यांच्यातल्या दोघांनी आपली कल्पना चोरली म्हणून लंडनच्या न्यायालयात प्रकाशकावर दावा लावला. एप्रिल २००६ मध्ये न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी तो फेटाळला. आपण इतिहास लिहिला असं म्हणायचं आणि त्यातल्या ढोबळ कल्पनांवर मालकीही सांगायची, हे जमत नाही. गंमत म्हणजे न्यायमूर्तींनी निकालपत्रातली काही अक्षरं तिरपी छापून स्वतःचाच एक सांकेतिक संदेश त्यात दडवला होता! रहस्याची ओढ न्यायासनालाही सुटत नाही, ती अशी.

कादंबरीतल्या इतर चुका मोजत बसण्यात अर्थ नाही, दोनच सांगतो. ‘दा विंची’ हे आडनाव नव्हे. त्याचा अर्थ ‘विंची गावचा’ एवढाच. आपल्याकडच्या हिशेबानं तो लिओनार्दो विंचीकर. आणि इसवी सन ३२५ च्या निकीया परिषदेत येशूला मतदानानं देव ठरवलं, असं कादंबरीतलं पात्र सांगतं. परिषद खरी आहे, पण येशूला देव मानणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या साक्षी त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. वाद होता तो पित्याचं आणि पुत्राचं नातं नेमकं कसं मानायचं, याचा.

सिनेमा भारतात आला तो वादळ घेऊनच. मुंबईत निदर्शनं झाली. सेन्सॉर बोर्डानं ‘केवळ प्रौढांसाठी’ असं प्रमाणपत्र देऊन सुरुवातीला आणि शेवटी ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी सूचना दाखवायला लावली. तरीही गोवा, पंजाब, नागालँड, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी बंदी घातली. आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातली बंदी उठवली, सर्वोच्च न्यायालयानंही बंदीची मागणी फेटाळली. ज्यांची श्रद्धा दुखावली त्यांना आम्ही हसणार नाही. आपल्या देवाबद्दल कुणी असं लिहिलं तर आपणही अस्वस्थ होऊ. पण बंदीनं एकच होतं : काहीतरी दडवायचं असेल म्हणूनच बंदी घातली, असं लोकांना वाटायला लागतं. खोट्या गुपितालाही मग खऱ्याची किंमत येते.

धर्मातली खरी गुपितं वेगळी असतात आणि ती बहुधा सत्तेच्या भीतीपोटी जन्मतात. गोव्याचंच पाहा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. गोव्यात काही घरांत आजही मूर्तीऐवजी कागदावरच्या गणपतीची पूजा होते. ती रीत त्या धास्तीच्या दिवसांतली आहे, असं जुनी माणसं सांगतात. ही गुपितं सांभाळायला कुठलाही उच्चकुलीन गुप्त संघ नव्हता. घरातल्या माणसांनीच ती सांभाळली.

मग धर्मग्रंथांच्या इतिहासाकडे पाहायचं तरी कसं? याचं उत्तर खुद्द बाप्पांच्या गोष्टीत आहे. महाभारत लिहून घ्यायला गणेश तयार झाले, पण लेखणी थांबता कामा नये, अशी अट घातली. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचं नाही. मग व्यास मध्ये मध्ये अवघड कूट श्लोक घालत. गणेश त्यावर क्षणभर विचार करत, तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक तयार होत. कोडी घालणारे व्यास आणि ती सोडवणारा गणपती! आपल्याकडचा ‘कोड’ इतका जुना आहे.

या गोष्टीचं पुढे काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातली बाराशेहून अधिक हस्तलिखितं जमवली, ओळीशी ओळ ताडून पाहिली. १९६६ साली काम पुरं झालं. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्व संपादित केलं, तेव्हा व्यास-गणेशाची ही कथा मूळ संहितेत बसत नाही, असं पाठांवरून दिसलं. त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. लपवली नाही आणि फेकलीही नाही. कुठल्या हस्तलिखितात ती आहे, कुठल्यात नाही, हे छापून सगळ्यांपुढे ठेवलं. सार्वजनिक गणेशोत्सव जिथे वाढला, त्याच पुण्यात हे झालं आणि आपली भक्ती काही कमी झाली नाही. त्याच संस्थेवर २००४ साली एका पुस्तकाच्या रागातून जमाव चालून गेला आणि दुर्मिळ ग्रंथांची नासधूस झाली, हेही विसरू नये. कागद गेला की खरं-खोटं करायचा आधारच जातो.

आधार गेला तर काय होतं आणि राहिला तर काय होतं, हे सायलीच्या माणसांनी तरी ओळखायला हवं. नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे गेली ती १७७९ सालच्या पेशव्यांबरोबरच्या तहामुळे आणि पुढच्या १७८३ व १७८५ च्या सनदांमुळे. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी त्या लढ्यात होती, हे आपण दरवर्षी सांगतो. पण पुढचा अंक कमी सांगितला जातो. पोर्तुगालनं १९५५ मध्ये भारताला हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि या प्रदेशात ये-जा करण्याचा हक्क मागितला. तिथे प्रश्न निघाला, की पेशव्यांनी ही गावं दिली म्हणजे नेमकं काय दिलं? मुलूख दिला की फक्त बारा हजार रुपयांचा वसूल?

मग न्यायाधीशांसमोर तहाच्या मराठी मजकुराची निरनिराळी भाषांतरं मांडली गेली, एकेका शब्दाचा कीस काढला गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मराठ्यांनी दिली होती ती जहागीर किंवा सरंजाम. सार्वभौम सत्ता देण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्याच निकालात, पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मानली होती, असंही नोंदवलं. नागरी ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, पण सशस्त्र सैन्याचा नाही, आणि भारतानं आपलं कर्तव्य मोडलं नाही, असा निर्वाळा दिला. आपल्याला गोड वाटणारं आणि न वाटणारं, दोन्ही एकाच कागदावर. खरा इतिहास बहुधा असाच असतो.

प्लांतारांनी कागद रचला आणि ग्रंथालयात नेऊन ठेवला, त्यावर कोट्यवधी लोकांनी विश्वास ठेवला. पेशवे दप्तरातल्या कारकुनानं ‘सरंजाम’ हा शब्द त्याच्या रोजच्या कामात लिहिला असेल; पावणेदोनशे वर्षांनी तो हेगमध्ये साक्षीला उभा राहिला. दोघांमधला फरक ओळखायची रीत एकच : कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि दुसरा कुठला कागद त्याला दुजोरा देतो का?

तेव्हा बाळा, सिनेमा जरूर बघ, कादंबरीही वाच. मोबाइलवर ‘दडवलेला इतिहास’ म्हणून रोज काही ना काही येतं, तेही वाच. पण पुढे पाठवण्याआधी हे प्रश्न विचार. ज्या बाप्पापुढे आपण आरतीला उभे राहतो, त्यानं लेखणी हातात घेताना अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही अट मान्य केली होती. ही कथा परिशिष्टातली असली, तरी त्यातली अट पाळण्यासारखी आहे.

गणपती बाप्पा मोरया!