तळटीप १२ : त्रिरश्मी
१२. त्रिरश्मी : नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईकडे जाताना महामार्गालगत लागणारा पांडवलेण्यांचा डोंगर. १० व्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात हेच नाव येते. हिमालय भूपट्टांच्या टकरीतून उचलला गेला, हा डोंगर तसा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून गेला. तेव्हा भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. पुढे पावसापाण्याने मऊ थर झिजले, टणक काळा पाषाण पायऱ्यांसारखा उरला. म्हणून ‘डोंगर उगवला’ हे वरील शब्द शब्दशः घेऊ नयेत : भोवतालची जमीन झिजली, तेव्हा हा उरला.