भिलाई-3 : घरगुती वीजमागणीचा अंदाज कशावर ठरतो

भिलाई-3 (छत्तीसगड) : येत्या उन्हाळ्यात एखाद्या वस्तीला किती वीज लागेल, याचे ढोबळ गणित जोडण्यांची संख्या आणि प्रत्येक जोडणीचा सरासरी वापर यांवर मांडले जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सर्वेक्षणातही घरगुती वापरासाठी याच दोन आकड्यांची वाढ पाहिली जाते. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-चरोदा महानगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या भिलाई-3 मध्ये मात्र हे दोन्ही आकडे फसवे ठरू शकतात.

शेजारच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीला कारखान्याचीच वितरण यंत्रणा वीज पुरवते. बाहेरील वस्त्या राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे आहेत. निवृत्त कर्मचारी क्वार्टर सोडून बाहेर स्वतःच्या घरात गेला, तर त्या कुटुंबाचा वापर फारसा बदलत नाही. कंपनीच्या खात्यावर मात्र नवी मागणी चढते.

सर्वांत मोठा फरक गारव्याच्या साधनाने पडतो. मे महिन्यातील कोरड्या उष्म्यात सुमारे 200 वॅटचा कूलर उपयोगी पडतो, पावसाळी दमट हवेत तो निष्प्रभ होतो. दीड टनाचा एसी सुरू असताना साधारण दीड किलोवॅट वीज घेतो, म्हणजे सात-आठ कूलरांइतकी. एका गल्लीतील चार घरांनी कूलर काढून एसी बसवले, तर महिन्याच्या युनिटांपेक्षा रात्री दहाचा भार अधिक चिंताजनक ठरतो, कारण रोहित्र जळते ते त्या एका तासाच्या भाराने. मासिक बिलांच्या नोंदीत हा तास दिसतच नाही.

दरांचाही परिणाम होतो. छत्तीसगडमध्ये मार्च 2019 पासून 400 युनिटांपर्यंतच्या वापरावर निम्मे बिल माफ होते. 2025 मध्ये ही मर्यादा आधी 100 आणि नंतर 200 युनिटांवर आली. अशा मर्यादेजवळची कुटुंबे वापर आवरतात किंवा एकाच घरात दुसरे मीटर घेतात. दुसऱ्या प्रकारात ग्राहक वाढतात, सरासरी घटते आणि प्रत्यक्ष वापर जवळपास तेवढाच राहतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने आणखी एक गुंता वाढवला आहे. छतावरील पॅनेलमुळे बिलातील युनिटे कमी दिसतात. सूर्यास्तानंतर तेच घर पूर्वीइतकाच भार टाकते. अंदाज कमी पडला तर ऐन उन्हाळ्यात महाग वीज विकत घ्यावी लागते आणि जास्त झाला तर न वापरलेल्या विजेचाही स्थिर आकार भरावा लागतो. नियामक आयोगाने मान्य केल्यास दोन्ही खर्च अखेर ग्राहकांच्या दरात येतात.