डोळे आले होते का?

आमच्या भाऊबंदांत एक नाना होते. वडिलांचे चुलतभाऊ. १९८१ साली त्यांचे वय तिशीचे असेल. नांगर धरणारा, विहिरीत सूर मारणारा गडी. एके दिवशी त्यांच्या कंबरेतून मांडीत कळा येऊ लागल्या. दोन दिवसांनी उजवा पाय उचलेना, आठवड्याभरात मांडी लुळी पडली. कुणी म्हणाले, वारे गेले. कुणी बाहेरचे म्हणून देवऋषी केला. दिंडोरीच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवले. तिथून परतताना कागदावर पोलिओसारखा काहीतरी शब्द होता, एवढेच घरात सगळ्यांना ठाऊक. नाना पुढे काठी घेऊन चालले. मांडी वाळत गेली ती कायमची. पण त्यांचा एक प्रश्न मरेपर्यंत सुटला नाही. ते म्हणायचे, "पोलिओ पोराटोरांना होतो. मी दोन लेकरांचा बाप. मला कसा झाला?"

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून सोसायटीत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेले. वाचनाचा नाद मात्र होता, आणि साथींच्या इतिहासाच्या मागे लागल्यावर नानांच्या प्रश्नाचा धागा एका अनपेक्षित ठिकाणी सापडला. तो धागा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९७१ सालात जातो.

त्याआधी दोन वर्षे मागे जाऊ. १९६९च्या जूनमध्ये पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात डोळे येण्याची एक नवी साथ उठली. एका दिवसात डोळे सुजत, पांढऱ्या भागात रक्त उतरे, आणि आठवड्याभरात सारे निवळे. त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला, म्हणून तिकडे लोकांनी या साथीला 'अपोलो' हे नाव दिले. ती पूर्वेकडे सरकत १९७१मध्ये भारतात आली. बंगालमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांचे लोंढे येत होते. तिथे तिचे नाव पडले 'जय बांगला'. मुंबईत लाखो लोकांचे डोळे आले आणि गेले. डोळ्यांपुरता विषय तिथेच संपला असता.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत काही वेगळेच रुग्ण येऊ लागले. बहुतेक प्रौढ पुरुष. आधी पाठ-कंबर व पायांत तीव्र कळा, मग एक वा दोन्ही पाय लुळे. जे. जे.मध्ये तेव्हा मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांचा विभाग डॉ. नोशीर वाडिया पाहत. जन्म १९२५चा. इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन या नामवंत तज्ज्ञाच्या हाताखाली काम करून ते १९५७मध्ये मुंबईला परतले होते. २०१२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २०१६मध्ये ते गेले.

त्यांच्यापुढचा पेच समजून घ्यायला हवा. प्रौढ माणसाचे पाय एकाएकी लुळे पडले की तज्ज्ञांच्या मनात पहिले नाव येते गुलियन-बारे विकाराचे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या चेतातंतूंवर उलटते. दोन्ही पाय साधारण सारखेच अशक्त होतात, मुंग्या येतात, अशक्तपणा वर चढतो. पण बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत चालू लागतात. या नव्या रुग्णांचे चित्र वेगळे होते. एक पाय जास्त, दुसरा कमी. पायापेक्षा मांडी अधिक लुळी. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नसे, पण टाचणी टोचल्याचे नीट कळे. म्हणजे दोष संवेदना वाहणाऱ्या तंतूंत फारसा नव्हता; स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी आणि तिथून निघणारी मुळे दुखावली होती. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात सुरुवातीला पेशी वाढलेल्या दिसत. हे सगळे पोलिओशी जुळत होते. पण पोलिओ मुख्यतः लहान मुलांना गाठतो, आणि इथे रोगी होते कमावते पुरुष. नानांचाच प्रश्न, दहा वर्षे आधी.

आज आपण म्हणू, स्कॅन काढा. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी निघाला. मुंबईत तो असण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांच्या हाती होती हातोडी, टाचणी, सुई आणि विचारपूस. या विचारपुशीतच उत्तर निघाले. रुग्णांमागून रुग्ण सांगू लागले की, पाय जायच्या आधी, कुणाचे दोन आठवडे तर कुणाचे महिनाभर, डोळे आले होते.

वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी हे निरीक्षण १९७२मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. मुंबईच्याच केईएममधील डॉ. एडी भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यानेही त्याच वर्षी तिथे असेच रुग्ण नोंदवले. तिकडे जपानमध्ये या साथीचा विषाणू वेगळा करण्यात आला. पुढे त्याला एन्टेरोव्हायरस ७० हे नाव मिळाले. तो पोलिओच्याच कुळातला निघाला. नंतर लुळ्या रुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी खाटेपाशी बसून बांधलेला अंदाज प्रयोगशाळेत खरा ठरला. १९८१मध्ये साथ पुन्हा आली, पुन्हा काहींचे पाय गेले, आणि या वेळी वाडियांच्या चमूने अधिक बारकाईने अभ्यास केला.

उपचार मात्र नव्हता. विषाणूवर औषध नव्हते. विश्रांती, वेदनाशामक, आणि नंतर चिकाटीने व्यायाम. सौम्य रुग्ण सावरत; ज्यांची मांडी पूर्ण लुळी पडली, त्यांतल्या अनेकांची वाळली ती वाळलीच. मग निदानाचा उपयोग काय? घरच्यांना खरे सांगता येते, हा पहिला. गुलियन-बारे असेल तर 'धीर धरा, चालाल' म्हणता येते. इथे तसे वचन देणे चूक ठरले असते. आणि भानामती, करणी, कुणाचा शाप, हे सारे दारातूनच परतवता येते.

हे वाचल्यावर मी काकूंकडे गेलो. नाना जाऊन बरीच वर्षे झाली होती. विचारले, "काकू, पाय जायच्या आधी नानांचे डोळे आले होते का?"

त्या म्हणाल्या, "आले होते की. त्या साली सगळ्यांचेच आले होते. त्यात काय सांगायचं?"

मला ते साल आठवले. शाळेतले निम्मे बाक रिकामे, पोरांच्या नाकावर बापाचे काळे गॉगल, घरोघर धन्याच्या पाण्याच्या पट्ट्या. जे सगळ्यांना झाले ते आजारात कोण मोजणार? नानांनी ते सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. नानांचे रक्त त्या अंगाने कधी तपासले गेले नाही. तेव्हा त्यांच्यावर मी शिक्का मारणार नाही. मात्र मोठ्या माणसाला पोलिओसारखे कसे होते, याचे उत्तर त्यांच्या हयातीतच छापून झाले होते. मुंबई ते दिंडोरी हे अंतर ते कापू शकले नाही.

इथल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. डोळे आलेल्या दहा हजारांत एखाद्याला असा लुळेपणा येतो, असा अंदाज तज्ज्ञांनी मांडला आहे. तालुक्याच्या डॉक्टरपुढे असा जन्मात एक रुग्ण येणार; एकावरून नियम दिसत नाही. जे. जे.त ते एकत्र आले, आणि तिथे प्रत्येकाला तोच प्रश्न विचारणारे लोक होते. दुर्मीळ विकार ओळखायला हे दोन्ही लागते.

तो विषाणू आता जवळजवळ दिसत नाही. अलीकडे डोळे येतात ते बहुधा दुसऱ्याच विषाणूंमुळे, तेव्हा वाचकांनी घाबरू नये. पण प्रश्न जुना झालेला नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारेचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. आकडा दोनशेच्या पुढे गेला. या वेळी स्कॅन होते, इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने होती, रक्तातील द्रव बदलण्याची सोय होती. तरीही साथीचे मूळ शोधताना रुग्णांना विचारावे लागले ते हेच, की गेल्या काही दिवसांत जुलाब झाले होते का, पाणी कुठले प्यायलात? त्या उत्तरांवरून बोट पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूकडे वळले.

घरातल्या कुणाला एकाएकी हातापायातले बळ गेल्यासारखे वाटले, तर वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. आणि सोबत जाणाऱ्याने मागच्या महिन्याभरातले सारे सांगावे. ताप, जुलाब, डोळे येणे, सगळ्या गावाला झाले होते तेसुद्धा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी.